बेल काय खातो

सोलापुरात त्या काळी कोण उपाशी आहे, कोणाला अजीर्ण झालंय आणि कोणाला नुसतंच चमचमीत खायची खोड लागलीय, हे आमच्या घरमालकीणबाईंइतकं छातीठोकपणे सांगणारं दुसरं माणूस नव्हतं. एवढंच, की हे सगळे उपाशी आणि अजीर्णवाले मातीत उभे असत आणि त्यांना फांद्या असत. माणसांच्या भुकेकडे बाईंचं जरा दुर्लक्षच होतं. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहत असताना एकदा तापानं फणफणून पडलो. त्या खोलीत आल्या, माझ्या कपाळाला हात लावल्यासारखं केलं, आणि खिडकीतल्या डब्यातली तुळस उचलून उजेडात धरत म्हणाल्या, "हिच्याकडं बघ की. किती दिवस झालं हिच्या पोटात काय न्हाय." तुळशीला त्या दिवसापासून औषधपाणी सुरू झालं आणि ती बरी झाली. मीही बरा झालो, पण तिच्या मागाहून.

मी तेव्हा सात रस्त्याजवळच्या एका विमा कचेरीत कारकून होतो. लग्न व्हायचं होतं, जेवण खानावळीत, आणि राहायला बाईंच्या अंगणातली एक खोली. घर लिंगायतांचं. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि घाई असली की दोन्ही एकाच वाक्यात. मालकांचं डाळी-तेलाचं दुकान होतं. ते सकाळी दुकानात जात ते दिवेलागणीनंतर येत, आणि जे काय बोलायचं ते गिऱ्हाइकांशी बोलून घेत, कारण घरी त्यांना बोलायला जागाच मिळत नसे. बाईंना सारी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या मला तम्मा म्हणत, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. हे नातं ऐकायला गोड असलं तरी त्यात एक गोम होती. धाकट्या भावाला झोपेतून केव्हाही उठवता येतं.

आणि अक्का उठवत. पहाटे खिडकीचं दार वाजायचं आणि पलीकडून आवाज यायचा, "तम्मा, ऐकलास का, मुळाला तोंड नसतंय." मी पांघरुणातूनच "बरं" म्हणायचो. "बरं काय. तोंड न्हाय, दात न्हाईत, घास कसा घेणार? नुसतं पाणी पितंय ते. पाण्यात जे विरघळलंय तेवढंच त्याचं जेवण. आपण शेणाचा गोळा टाकला म्हणून झाड लगेच जेवतंय व्हय? बघत बसतंय. आधी ते कुजायचं, बारीक जीवांनी खायचं, त्याचं मीठ व्हायचं, मीठ पाण्यात उतरायचं, मग हे साहेब पिणार." ही माहिती त्या कुठून आणत? काही रेडिओवरच्या शेतकी कार्यक्रमातून, आणि बरीचशी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतून. इतर बायका जत्रेत बांगड्या भरायला जातात. अक्का खतवाल्यांच्या तंबूत सकाळी शिरल्या त्या तंबूवाले कंदील लावायला लागले तेव्हा बाहेर आल्या. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावं त्या पोटच्या पोरांची घ्यावीत तशी घेत. नत्र खोडकर, त्यानं पानं नुसती फोफावतात. स्फुरद गुणी, तो मूळ धरतो आणि फूल आणतो. पालाश अंगानं काटक, तो झाडाला आजारपण येऊ देत नाही. मुळं बाजारहाट करतात आणि पानं स्वयंपाक करतात, हा त्यांचा सगळ्यांत लाडका सिद्धांत होता. "चूल पानात हाय तम्मा, आणि जळण सूर्याचं," असं सांगताना त्यांचे डोळे असे चमकत, की ही सगळी सोय जगात आजच सकाळी झाली आहे असं वाटावं. मला झाडांबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं. पण एखाद्या बातमीनं माणूस इतकं हरखून जाऊ शकतं, याचा मला हेवा वाटायचा. माझ्याकडे कचेरीतून येताना सांगण्यासारखी एकही बातमी नसे.

ही बातमी स्वतःपाशी ठेवणं त्यांना जमत नसे. एकदा भर दुपारी आमच्या कचेरीत गलका झाला म्हणून मान वर केली, तर दारात अक्का उभ्या. हातात मुळासकट उपटलेलं भुईमुगाचं झाड, त्याची ओली माती फरशीवर ठिपकतेय. मी उठून पुढे होईपर्यंत त्या सरळ आमच्या साहेबांच्या टेबलाशी पोचल्या होत्या. "साहेब, तुमी शिकलेली माणसं, हे बघितलाव का?" असं म्हणून त्यांनी ते झाड साहेबांच्या कागदांवर आडवं घातलं आणि मुळांवरच्या बारीक गाठी नखानं दाखवल्या. "ह्या गाठीत जीव राहतात. हवेतला नत्र धरून झाडाला देतात. झाड त्यांना साखर देतंय. भाडेकरूच की. पर आमच्या तम्मासारखे न्हाईत, घराला काय तरी आणून देतात." साहेबांनी चष्मा काढून गाठी पाहिल्या, चष्मा लावून पाहिल्या, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत त्या कचेरीत माझं नाव गाठ होतं.

अक्कलकोटला एका लग्नात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. पंगत बसली, वाढप सुरू झालं, आणि अक्का पानावरून गायब. शोधत गेलो तर मांडवामागे मोगऱ्याच्या एका रोपासमोर उकिडव्या बसलेल्या. "खालची पानं पिवळी, वरची हिरवी. बघितलास?" त्या मला म्हणाल्या. "ही उपासमार हाय. खायला मिळंना की जुनी पानं आपल्या अंगातलं काढून कोवळ्या पानांना देतात. आणि आपण पिवळी पडून गळतात." नवरीची आई नेमकी मागे येऊन उभी राहिली होती. मुलगी सासरी जाण्याच्या दिवशी हे ऐकल्यावर त्या माउलीनं डोळ्यांना पदर लावला आणि हुंदकेच द्यायला लागली. अक्कांनी वळून पाहिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नका, पेंड घाला."

त्यांच्या घरात काहीही फेकलं जात नसे. तांदूळ धुतलेलं पाणी लिंबाला, चहाचा चोथा गुलाबाला, चुलीची राख पालाश म्हणून सगळ्यांना थोडी थोडी. ताक आंबट झालं तर ते कढीला जाणार की कडीपत्त्याला, याचा निकाल कडीपत्त्याच्या बाजूनंच लागे. मालक एकदा ताटावर बसून धीर करून म्हणाले, "आज चटणीला तेल कमी वाटतंय." अक्का शांतपणे म्हणाल्या, "शेंगदाण्याची पेंड आणली की दुकानातनं. झाडांना घातली." मालकांनी यात आपल्या चटणीचा संबंध काय, हे विचारलं नाही. मी तर न्हाव्याकडून आलो की अंगणातच माझी तपासणी व्हायची. डोकं बघून अक्का विचारत, "केस कुटं टाकलास?" केसात भरपूर नत्र असतो आणि तो मी दर महिन्याला न्हाव्याच्या केरात घालवून येतो, याची त्यांना खरोखर हळहळ वाटे. शेवटी मी रुमालात बांधून आणायला लागलो. न्हाव्याला वाटलं, माझ्यावर कोणी करणी करेल म्हणून मी भितोय.

पण हा सगळा गाजावाजा अंगणाच्या एका कोपऱ्याशी आला की गप्प व्हायचा. तिथं एक बेलाचं झाड होतं, आणि त्या झाडावर एका माणसाचं जेवण टांगलेलं होतं. अक्कांचे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो, रोज पहाटे अंघोळ करून ओलेत्यानं बसत, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेत आणि त्यावर ह्याच झाडाचं त्रिदल वाहत. ते वाहिल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, असा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. बाजारचा बेल चालत नसे, शेजारचा चालत नसे. झाड त्यांच्या बायकोनं लावलेलं होतं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. अप्पा ऐंशीच्या घरात, कृश, मोजकं बोलणारे, आणि सुनेला ते तायी म्हणत, म्हणजे आई. अक्का त्यांना एकदा उत्साहानं सांगायला गेल्या होत्या, की बेलाला तीन पानं असतात त्यातलं एक नत्राचं, एक स्फुरदाचं आणि एक पालाशचं. अप्पांनी डोळे न उघडता विचारलं होतं, "आणि देठ सरकारी काय?"

बहात्तरच्या दुष्काळात ह्या बेलाचं अन्नपाणी तुटलं. पाणी नाही म्हणजे विरघळलेलं काही नाही, म्हणजे जेवण नाही. दुष्काळ हटला, विहिरींना पाणी आलं, बाकीची झाडं सावरली, बेल मात्र सावरेना. दर उन्हाळ्यात नवी पालवी फुटायची ती आधीच्याहून खुरटी. पानं बोटभर सुद्धा नाहीत, रंग काळपट, कडांना जांभळट झाक. त्रिदल धड तयारच होईना. एक पान असायचं, दुसरं अर्धं, तिसऱ्याच्या जागी नुसतं टोक. अप्पा फुटकं त्रिदल वाहत नसत. सकाळी अक्का शिडी लावून साऱ्या झाडावर शोधत, कधी एक धड त्रिदल सापडे, कधी सापडायला उन्हं वर येत, आणि तोपर्यंत म्हातारा माणूस ओलं धोतर अंगावर वाळवत उपाशी बसलेला असे. एक दिवस दुपार झाली तरी सापडलं नाही. अप्पा उठले, लिंग गळ्यात घातलं आणि न जेवता आडवे झाले. "झाड थकलं की तायी, मीबी थकलो," एवढंच बोलले. त्या रात्री अक्कांच्या घरी कुणीच जेवलं नाही, आणि अक्कांच्या तोंडून स्फुरदाचं नावसुद्धा निघालं नाही. मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन सात रस्त्याच्या पलीकडच्या एका खताच्या दुकानात गेल्या. पदराच्या गाठीतून बेलाची पानं काढून काउंटरवर ठेवली. दुकानदारानं पानं उलटीपालटी केली आणि म्हणाला, "स्फुरद कमी हाय." अक्का म्हणाल्या, "ते मला कळतंय, म्हणून तर आले. सुपर फॉस्फेट द्या." त्या वर्षी रासायनिक खताची अशी टंचाई होती, की दुकानदार नुसता हसला. "मोठ्या बागाइतदारांना मिळंना, तुमच्या एका झाडाला कुटनं देऊ? हाडाचा चुरा हाय बघा. बोनमील. स्फुरदच स्फुरद. पर नुसता टाकू नका, आपली जमीन चुनखडीची, तसाच पडून राहील. शेणखतात मुरवा आणि मग द्या." अक्का एकदम मागे सरकल्या. ज्या घरात अंड्याचं टरफल कधी आलं नव्हतं त्या घरातली बाई, आणि द्यायचं कुणाला, तर जे पान देवाच्या अंगावर जातं त्या झाडाला. पानं पुन्हा पदराच्या गाठीत बांधून त्या परत चालू लागल्या. मला चालताना त्यांच्याकडे बघवेना.

मग चार-पाच दिवस माझ्या खिडकीशी एक खटला चालला. फिर्यादी अक्का, आरोपी अक्का, आणि न्यायाधीश मी, ज्याला निकाल द्यायची मुभा नव्हती. "मुळाला दात न्हाईत, व्हय की न्हाय?" व्हय. "मग ते हाड कुटं खातंय? हाड कुजणार, त्याचं मीठ होणार, पाण्यात उतरणार. त्या मिठाला हाड म्हणायचं का?" म्हणू नये. "पर आलंय तर हाडातनंच की." हे खरं. "शेणातलं मीठ, राखेतलं मीठ, हाडातलं मीठ, मुळाला कळतंय का कुटलं कशातनं आलं?" कळत नसावं. "मुळाला न कळू दे, मला तर कळतंय." मग त्या स्वतःच म्हणत, "अप्पांना सांगितलं तर ते त्या झाडाचं पान घेणार न्हाईत. न्हाय सांगितलं तर फसवल्यासारखं होतंय. आणि घातलंच न्हाय तर झाड जातंय, अप्पा जातात." एका पहाटे खिडकी वाजली. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "तम्मा, आण जा. माझ्या घरात ठेवू नकोस, तुझ्या खोलीत ठेव."

ते पोतं मी सायकलच्या मागं बांधून आणलं, आणि सोलापूरच्या कुत्र्यांना किती तीव्र घ्राणेंद्रिय दिलेलं आहे ते मला त्या दिवशी कळलं. सात रस्त्यापासून एक पिवळं, एका कानानं फाटकं कुत्रं मागे लागलं, पुढच्या चौकात दोन वाढली, आणि आमच्या गल्लीत शिरताना माझी वरात झाली होती. पोतं माझ्या खाटेखाली गेलं. अंगणातल्या शेणखताच्या ढिगात चुरा मिसळायचं कामही मीच केलं. अक्का लांब उभ्या राहून हातानं खुणा करत होत्या, इकडे जास्त, तिकडे कमी, आणि काडीलाही न शिवता नंतर तीन बादल्या पाण्यानं न्हायल्या. खत मुरलं, पाऊस लागायच्या बेतात असताना मी बेलाभोवती आळं करून ते पसरलं. अक्का आळ्याशी वाकून झाडाला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. मला एवढंच समजलं, की त्या त्याची माफी मागत नव्हत्या, जेवून घे म्हणून दटावत होत्या.

बेल जेवला. हाडांमुळे म्हणा, शेणखतामुळे म्हणा, त्या वर्षी पाऊस बरा झाला त्यामुळे म्हणा, पण आषाढ संपता संपता त्याला अशी पालवी फुटली की मी, झाडांचा जन्मजात वैरी, कचेरीला जाताना थांबून बघू लागलो. रुंद, तुकतुकीत, पोपटी पानं, तिन्हीच्या तिन्ही धड. अप्पांच्या पुढ्यात सकाळी टोपलीभर बेल. अक्का पुन्हा पहाटे खिडकी वाजवू लागल्या, "तम्मा ऊठ, वरच्या फांदीला बघ काय आलंय." अप्पा वेळेवर जेवू लागले, अंगणात फिरू लागले, एकदा तर मला त्यांनी माझ्या लग्नाचं विचारलं. सगळं झकास चाललं होतं, आणि तेवढ्यात ते फाटक्या कानाचं कुत्रं भक्तीला लागलं.

ते रोज सकाळी फाटकातून आत यायचं आणि थेट बेलाशी जायचं. पुढचे पाय जमिनीवर पसरून, मागचं अंग वर ठेवून, नाक मातीत खुपसून ते बराच वेळ तसंच राहायचं. त्याचा हेतू काय होता तो मला, अक्कांना आणि कुत्र्याला ठाऊक होता. पण श्रावण लागला होता, सोमवार होता, आणि समोरच्या बाईंनी ते दृश्य कुंपणावरून पाहिलं. "अगं बया, नमस्कार घालतंय की." संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, की आधी वठलेला बेल पुन्हा फुटला आहे आणि भैरवाचं वाहन त्याच्या पायाशी लोळण घेतंय. पुढच्या सोमवारी बायकांची रांग. कुणी कुत्र्याला कुंकू लावलं, कुणी दुधाची वाटी ठेवली. कुत्रं दूध पिऊन लगेच पुन्हा नमस्काराला जायचं, त्यामुळे लोकांचा विश्वास आणखी दुणावला. अप्पा ओसरीवर बसून येणाऱ्याला एकेक त्रिदल स्वतःच्या हातानं देत होते, आणि मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. अक्का मात्र दिवसेंदिवस वाळत चालल्या. "माझ्या सासऱ्याला एकट्याला फसवत होते," त्या मला हळूच म्हणाल्या, "आता साऱ्या गल्लीला."

बायकांनी मग ठरवलं, की अशा झाडाला सिमेंटचा कट्टा पाहिजे. गवंडी येऊन पाहून गेला. सकाळी खणायला सुरुवात करतो म्हणाला. खणलं की आळ्यातला पुरता न मुरलेला चुरा वर येणार होता, आणि सिमेंट पडलं की मुळांचं दाणापाणी आणि श्वास दोन्ही बंद होणार होतं. त्या सकाळी मी नळावर बादली भरत होतो. ओसरीवर अप्पा तळहातावर लिंग घेऊन बसले होते, टोपलीतलं पहिलं त्रिदल त्यांनी उचललं होतं. अक्का स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"अप्पा, ते वाहू नका."

अप्पांनी डोळे उघडले. अक्कांनी सगळं सांगितलं. हाडाचा चुरा, पोतं, शेणखत, कुत्रं. सांगताना त्यांचा आवाज एकदाही चढला नाही, पण पदराचं टोक त्यांनी बोटांभोवती इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. बादली भरून वाहू लागली तरी मला नळ बंद करायचं सुचलं नाही. आता हा म्हातारा हातातलं पान खाली ठेवणार, आणि मग रोजचं जेवणही, असंच मला वाटलं.

अप्पा त्रिदल उलटंसुलटं करून पाहत होते. "ह्यात हाड कुटं दिसंना की," ते म्हणाले.

"दिसणार न्हाय, अप्पा. मातीत त्याचं मीठ होतंय. मीठ पाण्यात उतरतंय. मूळ तेवढंच पितंय."

"मग बेल होतंय?"

"व्हय."

अप्पांनी त्रिदलाचा देठ बोटांत फिरवला. मग त्यांनी विचारलं, "तायी, तुझी सासू कुटं हाय?"

अक्कांना प्रश्न कळला नाही. "रानात, अप्पा. बांधाकडंला." लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात, आणि बहुतेकांची जागा आपापल्या शेतात असते.

"माझी आई? माझा बाप?"

"तितंच."

"आणि आपल्या घरात ज्वारी कुठली येती?"

अक्कांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"रानातलीच की," अप्पा म्हणाले. "दर साली. भाकरी गोड लागती म्हणून मी एक चतकोर जास्तीची मागून घेतो. तवा तू मला थांबवलं न्हाईस." त्यांनी त्रिदल तळहातावरच्या लिंगावर ठेवलं, डोळे मिटले, आणि पुन्हा एक डोळा उघडून म्हणाले, "गवंड्याला परत पाठव. मुळांवर सिमेंट घालतात व्हय कुणी? आणि त्या कुत्र्याला रोज भाकरी टाक. त्याच्या हक्काचं हाड बेल खातोय."

गल्लीला यातलं काहीच कळलं नाही. कट्टा नको, अप्पांना तसा कौल मिळाला, एवढं सांगितलं गेलं आणि सगळ्यांनी ते मानलं. अक्का त्या दिवशी दुपारी माझ्या खोलीत आल्या, खाटेखालचं उरलेलं पोतं स्वतःच्या हातानं ओढून बाहेर काढलं आणि अंगणातून सगळ्यांच्या देखत बेलापर्यंत नेलं. त्यानंतर मात्र एक नवीनच प्रकार सुरू झाला. अप्पा पूजा आटोपून जेवले की सुनेला समोर बसवून विचारू लागले, स्फुरद मातीत आधी कुठून आला, राखेत काय असतं, पान गळून पडलं की त्यातलं परत मुळाला मिळतं का. अक्कांना आयुष्यात पहिल्यांदा असा श्रोता मिळाला होता जो पांघरुणात नव्हता. दोघांच्या गप्पा इतक्या रंगत की मालक दुकानातून येऊन स्वतःच्या हातानं वाढून घेत.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, सोलापूर सुटलं. अप्पा गेल्याचं कळलं तेव्हा मला जाता आलं नाही. नंतर एका हिवाळ्यात टेंभुर्णीला काम निघालं, तिथून एसटी धरून सोलापूर गाठलं. अक्का आता पिकल्या होत्या, पण फाटकातच त्यांनी माझं डोकं पाहून केस कुठं टाकले म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी हुरडा खायला त्या मला रानात घेऊन गेल्या. गाडीत बसल्यापासून पालाशविषयी बोलत होत्या. शेताशी आल्यावर बोलणं थांबलं. आपल्या माणसांच्या बांधाकडे त्या गेल्या नाहीत, पार दुसऱ्या टोकाला घेऊन गेल्या. तिथं एक पांढरट, चुनखडीचा तुकडा होता, आणि त्यात एकटीच एक साधी दगडी समाधी.

"इकडं का?" मी विचारलं. "बायकोच्या शेजारी का नाही ठेवलं?"

"मीबी तेच म्हटलं," अक्का म्हणाल्या. "जायच्या आधी मला बोलवून म्हणाले, तायी, कुटल्या तुकड्यात कणीस भरत न्हाय म्हणतेस? मी म्हटलं, त्या टोकाच्या. म्हणाले, मग मला तितं ठेव. तिकडं सगळे हायतच, तितलं पीक चांगलं हाय."

समाधीच्या भोवतीची ज्वारी बाकीच्या तुकड्यापेक्षा उंच होती की मला तसं दिसत होतं, ते मी आजही सांगू शकत नाही. अक्का वाकल्या, कणसं नीट पारखून चार मोडली, आगटीत भाजली आणि तळहातावर चोळून फुंकर मारली. त्यांनी हात पुढे केला.

"खा, तम्मा," त्या म्हणाल्या. "यंदा पहिल्यांदा भरलंय."

मी ओंजळ पुढे धरली. दाणे गरम होते. आम्ही दोघांनी उभ्या उभ्याच खाल्ले.